श्रावणबाळ आणि 'निराधारचा पगार' : अर्ज, त्रुटी, अडकलेला हप्ता

आवकजावक
हा प्रश्न इथे दर महिन्याला नव्याने येतो आणि उत्तरं पाच धाग्यांत विखुरतात, म्हणून एकच धागा काढतोय. विषय एवढाच : पासष्टी उलटलेला माणूस, पेन्शन नाही किंवा नावापुरती आहे, त्याला महिन्याचे सरकारी पैसे कसे सुरू होतात आणि सुरू झालेले का थांबतात.

आधी नावं. गावात सगळ्यालाच 'निराधार' म्हणतात, पण तहसीलच्या संजय गांधी शाखेत फायली वेगवेगळ्या असतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १८ ते ६५ वयासाठी. त्यात विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण वगैरे येतात. ६५ पूर्ण झाले की हीच माणसं श्रावणबाळमध्ये वर्ग होतात.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना ६५ आणि त्यावरच्यांसाठी. महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं. शिवाय दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत हवं.

इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजना केंद्राची, फक्त दारिद्र्यरेषेच्या यादीतल्यांसाठी. केंद्र महिन्याला २०० रुपये देतं, वयाच्या ८० नंतर ५००. उरलेली भर राज्य श्रावणबाळच्या 'गट अ'मधून घालतं.

कुठल्याही फाईलमध्ये असा, हातात महिन्याला १,५०० रुपये. जुलै २०२३ पासून हा आकडा आहे, त्याआधी १,००० होते. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००.

अर्ज एकच भरायचा. गट 'अ' (दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेले) की 'ब' (यादीत नाव नाही, उत्पन्नाच्या दाखल्यावर येणारे), हे कार्यालय ठरवतं. सोबत : आधार, शिधापत्रिका, वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा, पासबुकाचं पहिलं पान, फोटो. झेरॉक्सवर अर्जदाराची सही किंवा अंगठा. अर्ज दिल्यावर पोचपावती घ्या, आणि तिच्यावर आवक क्रमांक आहे ना ते खिडकीतच बघा. क्रमांक नसलेली पोच म्हणजे नुसता शिक्का मारलेला कागद.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पात्र नाही म्हणून परत गेलेले अर्ज असतात, पण त्याहून जास्त अर्ज परत जातात ते कागद एकमेकांशी भांडतात म्हणून. आधारवर 'इंदुबाई', शिधापत्रिकेवर 'इंदू', पासबुकात 'सौ. इंदिरा', आणि मतदार यादीत नवऱ्याचं नाव भलतंच. एकेक कागद घेऊन बसा, सगळे एका ओळीत मांडा आणि नाव, वय, पत्ता ताडून बघा. हे घरी केलं तर अर्धा तास जातो, त्रुटीपत्र आल्यावर केलं तर तीन महिने.


शंकासुर
शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाने वयाचा पुरावा काय द्यायचा? आधारवर तर सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो.


आवकजावक
बरोब्बर. नोंदणीच्या वेळी कागद नव्हता की ऑपरेटर अंदाजे वय टाकायचा आणि तारीख १ जानेवारी पडायची. म्हणून वयाला एकट्या आधारवर विसंबू नका.

चालतं काय? ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या जन्मनोंदवहीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेत किंवा मतदार यादीत नमूद असलेलं वय. यातलं काहीच नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा त्यावरच्या सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला. तिथे एक खबरदारी घ्या. दाखल्यावर '६५ ते ७०' असा पल्ला लिहून आणलात तर शाखा परत पाठवण्याची शक्यता मोठी. 'अंदाजे ६७ वर्षे' असा एक आकडा लिहून मागा.

दुसरं म्हणजे, आधारवर वय कमी पडतंय म्हणून घाईने जन्मतारीख दुरुस्त करायला धावू नका. ती एकदाच बदलता येते. आधी पक्का कागद मिळवा, मग एकदाच आणि त्या कागदाप्रमाणे बदला. मनाने १९५८ टाकून आलात आणि नंतर शाळेच्या दाखल्यावर १९५६ निघालं, तर पुढचं निस्तरणं अवघड.


पिंपळपार
उत्पन्नाबद्दल सविस्तर लिहितो, कारण खरी कुस्ती तिथेच आहे.

२१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. हे एका माणसाचं उत्पन्न नाही, कुटुंबाचं आहे. दाखला तहसीलदाराचा, पण त्याच्या मुळाशी तलाठ्याचा चौकशी अहवाल असतो. (तलाठ्याला आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात अजून कुणी म्हणत नाही.) अर्जात कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा, उत्पन्न लिहायचं असतं आणि तलाठी शिधापत्रिका समोर ठेवून ते ताडतो. जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ त्याच्याकडेच आहेत, लपवण्यासारखं काही नसतं. पासबुकात पीएम किसानचे दोन-दोन हजार दिसत असताना 'भूमिहीन' लिहिणारे लोक आहेत. अर्ज तिथेच संपतो. जिरायत अर्धा एकर असेल तर तसं लिहा. त्याचं उत्पन्न किती निघतं ते तलाठी जाणतो.

आता शिधापत्रिकेचा रंग. पिवळी दारिद्र्यरेषेखालची, १५,००० पर्यंत उत्पन्नाची. केशरी १५,००० ते १ लाख. पांढरी १ लाखाच्या वर. म्हणजे पांढरी शिधापत्रिका आणि २१,००० चा दाखला एकाच अर्जाला जोडला की तुमचाच एक कागद दुसऱ्याला खोटं पाडतो. परिस्थिती खरोखर बदलली असेल, म्हणजे कमावता माणूस गेला, नोकरी सुटली, तर आधी पुरवठा शाखेत शिधापत्रिका बदलून घ्या आणि मगच श्रावणबाळच्या खिडकीवर या.

केशरी कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' शिक्का असेल तर स्वस्त धान्य मिळतं, पण त्या शिक्क्याची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० आहे. त्यामुळे 'आमच्याकडे प्राधान्यचा शिक्का आहे, मग दाखला कशाला' हा युक्तिवाद चालत नाही. तसंच पिवळं कार्ड वेगळं आणि दारिद्र्यरेषेच्या यादीतलं नाव वेगळं. यादीतला क्रमांक ग्रामपंचायतीत मिळतो, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत. ग्रामीण यादी २००२ च्या सर्वेक्षणाची. त्यानंतर गरीब झालेला माणूस त्या यादीत असणार कसा? त्याच्यासाठीच गट 'ब' आणि उत्पन्नाचा दाखला.

दाखल्याच्या तळाशी वैधतेची ओळ असते, ती वाचा. बहुतेक दाखले ३१ मार्चपर्यंत वैध असतात. फेब्रुवारीत काढून मार्चअखेर अर्ज दिला आणि छाननी मे महिन्यात झाली, की दाखला शिळा. एप्रिल-मे मध्ये दाखला काढून लगेच अर्ज टाकणं सगळ्यात सोयीचं.


रानजाई
मुलगा कमावता आहे, त्याच शिधापत्रिकेवर आहे, पण आईला दमडी देत नाही, असं असेल तर? अशी घरं गल्लोगल्ली आहेत.


पिंपळपार
तर २१,००० चा दाखला मिळणं कठीण. आणि इथे एक 'युक्ती' सर्रास सुचवली जाते : शिधापत्रिका विभक्त करा. खरोखर वेगळी चूल असेल तर विभक्त करण्यात काहीच गैर नाही, तो हक्कच आहे. पण एकाच घरात, एकाच गॅसवर स्वयंपाक आणि कागदावर दोन कुटुंबं, हे चौकशीला आलेल्या माणसाला दारातच दिसतं. शेजारी सांगतात, आशाताईला माहीत असतं. नंतर तक्रार झाली तर मंजूर झालेली रक्कम वसूल होते.

मुलगा कमावतो आणि विचारत नाही, यावर वेगळा रस्ता आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. प्रांताधिकाऱ्यांसमोर निर्वाह न्यायाधिकरण चालतं. साध्या अर्जावर दाद मागता येते, वकिलाची गरज नाही, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता लावता येतो. मुलाला नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायद्यात आहे. श्रावणबाळच्या १,५०० पेक्षा हा आकडा मोठा आहे, पण बहुतेक आया मुलाविरुद्ध अर्जावर अंगठा देत नाहीत. तो कायद्याचा नव्हे, घरचा प्रश्न.


शंकासुर
कंपनीची कर्मचारी पेन्शन येते, पण महिन्याला हजार रुपयेच. तरी अपात्र?


आवकजावक
ईपीएस-९५ ची, म्हणजे त्याच कर्मचारी पेन्शन योजनेची, किमान पेन्शन १,००० रुपये आहे, सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच. वर्षाचे १२,००० झाले. ते उत्पन्नात लिहायचेच. उरतात ९,०००. नवरा-बायको दोघंच असतील आणि दुसरं काही येत नसेल तर मर्यादेत बसतं. पेन्शन लपवू मात्र नका, पासबुकाच्या नोंदीत दर महिन्याला ती छापलेली असते आणि तेच पासबुक तुम्ही जोडता.

नवरा-बायको दोघंही ६५ च्या वर असतील तर अर्ज दोन वेगळे, कागदांचे संच दोन वेगळे. एकाला जोडलेला उत्पन्नाचा मूळ दाखला दुसऱ्याच्या फाईलमध्ये आपोआप जात नाही. लोक एकच जोडतात आणि बायकोच्या अर्जावर त्रुटी निघते.


रानजाई
लाडक्या बहिणीचं काय? ६५ पूर्ण झाल्यावर ते पैसे आपोआप श्रावणबाळमध्ये वळतात का?


आवकजावक
नाही! हा गैरसमज फार पसरलाय, म्हणून उद्गारचिन्ह. आपोआप वर्ग होतात ते संजय गांधी निराधारचे लाभार्थी. लाडकी बहीण ही वेगळ्या खात्याची योजना, २१ ते ६५ वयाची. ६५ झाले की ती संपते आणि श्रावणबाळसाठी कोरा अर्ज करावा लागतो.

आणि इथे एक खड्डा आहे. लाडकी बहीणची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, श्रावणबाळची २१ हजार. चौसष्टाव्या वर्षी दीड हजाराला पात्र असलेली बाई सहासष्टाव्या वर्षी, तेवढ्याच गरिबीत, अपात्र ठरू शकते. वय वाढलं की मर्यादा जवळजवळ बाराव्या हिश्श्यावर येते. हे धोरण कुणाच्या डोक्यातून निघालं असेल ते असो, पण साठी ओलांडलेल्या बायकांना आत्ताच सांगून ठेवा की पुढचे पैसे गृहीत धरू नका. पात्र असतील त्यांनी ६५ पूर्ण व्हायच्या दोन महिने आधी वयाचा आणि रहिवासाचा कागद तयार ठेवावा. उत्पन्नाचा दाखला ऐनवेळी.

पैसे मंजुरीपासून धरतात, मागचे मिळत नाहीत. म्हणून उशीर महाग पडतो.


खतावणी
बँकेच्या बाजूचं मी लिहितो. आत्तापर्यंत कागदाचं झालं, पण मंजुरीपत्र हातात असून पैसे नाहीत अशी जी गर्दी शाखेत येते, तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं.

पूर्वी तहसीलमधून बँकेला यादी यायची : नाव, खाते क्रमांक, रक्कम. डिसेंबर २०२४ पासून पैसे थेट लाभ हस्तांतरणाच्या पोर्टलवरून येतात, म्हणजे आधार क्रमांकावर. अर्जात तुम्ही लिहिलेला खाते क्रमांक आता दुय्यम. तुमचं आधार राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीत ज्या बँकेला जोडलेलं आहे, तिथेच पैसे जाणार.

'आमचं आधार लिंक आहे हो, मागच्याच वर्षी झेरॉक्स दिलीय.' हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. झेरॉक्स दिली ती केवायसी. त्याने बँकेला तुमचं आधार कळलं, देशपातळीवरच्या नोंदीला नाही. त्याला वेगळं संमतीपत्र लागतं. त्यावर 'सरकारी अनुदान या खात्यात घ्यायचं आहे' असा पर्याय असतो. आधी दुसऱ्या बँकेत जोडलेलं असेल तर त्या बँकेचं नाव लिहायची रिकामी जागाही असते. ती जागा कोरी सोडली की काम अडकतं.

एक आधार एका वेळी एकाच बँकेला जोडलेलं राहतं, आणि शेवटी जोडली ती बँक जिंकते. घडतं असं : आजीचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत वीस वर्षांपासून. मध्ये कुठल्याशा शिबिरात अंगठा घेऊन पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं उघडलं आणि संमती तिथेच नोंदली गेली. आता पैसे दर महिन्याला पोस्टात जमा होतात आणि आजी जुन्या पासबुकात नोंद करून करून थकते. पैसे गेलेले नसतात, फक्त दुसऱ्या घरात बसलेले असतात.

तपासायचं कसं :
– आधारला जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# डायल करून आधार क्रमांक टाका. कुठल्या बँकेला जोडलंय ते कळतं.
– 'माय आधार' संकेतस्थळावर ओटीपीने आत जाऊन बँक सीडिंगची (आधार बँकेला जोडल्याची) स्थिती बघा. बँकेचं नाव आणि 'सक्रिय' की 'निष्क्रिय' हे दोन्ही दिसतं. 'निष्क्रिय' असेल तर हप्ता परत जातो.
– मोबाइल जोडलेलाच नसेल तर आधार केंद्रात जाऊन जोडून घ्या. कागद लागत नाही, माणूस स्वतः लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून शुल्क ७५ रुपये.


शंकासुर
पतसंस्थेतलं खातं चालतं का? गावात तेवढंच एक आहे.


खतावणी
पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथे आधारवरचे पैसे येत नाहीत. जिल्हा बँकेचं खातं असेल तर ती शाखा थेट हस्तांतरणाचे पैसे घेते का ते तोंडी नाही, एखाद्या चालू लाभार्थ्याचं पासबुक बघून खात्री करा.

नवीन खातं उघडायचं तर शून्य शिल्लकेचं मूलभूत बचत खातं मागा. किमान शिल्लक नाही, महिन्यात चार वेळा पैसे काढणं मोफत. मुलाबरोबर संयुक्त खातं काढू नका. आधार कुणाचं जोडायचं यावरून घोळ होतो, आणि मुलाच्या कर्जाचा हप्ता कापला जायचा तो कापला जातो.

बंद पडलेल्या खात्याविषयी : दोन वर्षं खातेदाराने काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं, हा साधा नियम. पण सरकारी अनुदानासाठी उघडलेली शून्य शिल्लकेची खाती या कारणाने निष्क्रिय करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. शाखेत कुणी अडवलं तर याच शब्दांत सांगा.

जाता जाता, गट 'अ' वाल्यांना. तुमच्या १,५०० चे दोन तुकडे असतात : केंद्राचे २००, राज्याचे १,३००. (८० च्या वर ५०० आणि १,०००.) पासबुकात १,३०० ची एकच ओळ दिसली की 'कापले' म्हणून ओरड होते. दुसरी नोंद मागेपुढे येते. वरखाली चार ओळी बघा.


सेतूपार
अंगठ्याने पैसे काढणाऱ्यांसाठी दोन शब्द. बँकमित्राकडे किंवा दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला की पैसे निघतात, सोय चांगली. पण 'ठसा नीट आला नाही, परत ठेवा' हे वाक्य दोनदा ऐकलंत तर तिसऱ्यांदा अंगठा ठेवायच्या आधी यंत्राची पावती मागा. पहिल्या वेळेला व्यवहार झालेला असू शकतो. 'असफल' छापलेली पावती हातात आल्यावरच पुन्हा अंगठा. शिल्लक बघण्यासाठी अंगठा आणि पैसे काढण्यासाठी अंगठा हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पडद्यावर रक्कम कोणती लिहिलीय ते सोबतच्या माणसाने वाचावं.

खात्यातून गेले पण हातात आले नाहीत, तर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार आपल्या बँकेत, दुकानात नाही.


रानजाई
हयातीच्या दाखल्याचं कुणी लिहिलं नाही. सगळ्यांचे पैसे एकदम थांबतात ते त्यानेच.


आवकजावक
हो, राहिलं होतं. हयातीचा दाखला दर वर्षी. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. फोनमध्ये 'आधार फेस आरडी' हे ॲप असावं लागतं, त्याला स्वतंत्र चिन्ह नसतं, पाठीमागे चालतं. फोन कुणाचाही चालतो, चेहरा लाभार्थ्याचा.

म्हाताऱ्या माणसाचा चेहरा घेताना कुठे अडतं : दाराकडे पाठ करून बसवलं की तोंडावर अंधार येतो आणि यंत्र ओळखत नाही. दाराकडे तोंड करून बसवा. चष्मा काढा, डोक्यावरचा पदर कपाळाच्या वर घ्या. पापणी मिटायला सांगतं तेव्हा हळू, पूर्ण मिटायची. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर पट्टी निघेपर्यंत थांबा. आधारवरचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल आणि माणूस आजारपणाने खंगला असेल तरी जुळत नाही. मग आधार केंद्रात फोटो, बोटं, बुबुळं नव्याने द्यायची. बोटांच्या रेषा झिजलेल्यांनी तर हे करावंच, धुणी-भांडी, शेती, बिडी वळणं केलेल्या बायकांचे ठसे उमटतच नाहीत. त्यांनी बुबुळ नाहीतर चेहरा मागावा, ऑपरेटर आपणहून विचारत नाही.

अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर तलाठ्याला लेखी कळवा आणि घरी येऊन बघून जायला सांगा. रिक्षा करून, उचलून तहसीलला आणू नका.


मांडवीकाठ
गोव्यातल्यांसाठी : आमच्याकडे दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. वय ६०, गोव्यात १५ वर्षं वास्तव्य, ज्येष्ठांना महिन्याला २,००० रुपये. काम समाजकल्याण खात्याचं.

सीमेवरच्यांनी एक लक्षात घ्या. सावंतवाडीची आई लेकीकडे म्हापशाला कायमची राहायला आली आणि शिधापत्रिका, आधारचा पत्ता इकडे वळवला, तर महाराष्ट्राच्या रहिवासात बसत नाही आणि गोव्याची १५ वर्षं भरायला तिला ऐंशी उलटावी लागते. दोन्हीकडचं जातं. पत्ता बदलायच्या आधी विचार करा.


पिंपळपार
चांगला मुद्दा. राज्यातल्या राज्यात तालुका बदलला तर मात्र नाव वर्ग करून मिळतं. जुन्या तहसीलला अर्ज द्यायचा. तिथलं चालू ठेवून इकडे नवा अर्ज टाकू नका, आधार एकच असल्याने तो दुबार म्हणून दिसतो.


शंकासुर
अर्ज देऊन सहा महिने झाले. 'समितीची बैठक नाही' हे एकच उत्तर. काय करायचं?


सेतूपार
मंजुरी तालुक्याच्या समितीत होते. अध्यक्ष अशासकीय, सदस्य सचिव तहसीलदार. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठका लांबतात, हे उत्तर तेवढ्यापुरतं खरं असू शकतं. सहा महिने मात्र नाही.

आधी शाखेत आवक क्रमांक सांगून अर्ज नेमका कुठे आहे ते विचारा : छाननीत, त्रुटीत, की बैठकीच्या यादीत. 'त्रुटी' असेल तर लेखी मागा. तोंडी त्रुटी दर फेरीला बदलते.

लेखी उत्तर नाही तर माहितीचा अधिकार. प्रश्न तीनच ठेवा : अमुक आवक क्रमांकाच्या अर्जाची आजची स्थिती, त्यावरील शेऱ्यांची प्रत, मागच्या बैठकीची तारीख आणि तिच्यात ठेवलेल्या अर्जांची यादी. 'का उशीर झाला' असं विचारू नका, 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागदाची प्रत द्यायला आहेत. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर तेही शुल्क नाही, फक्त उताऱ्याची प्रत जोडायची. अनुभव असा की उत्तराच्या आधीच फाईल हलते.

उत्पन्नाचा दाखलाच अडला असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. दाखल्याची मुदत १५ दिवस. ती उलटली किंवा नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील. टोकन नंबर जपून ठेवा, अपील त्यावरच चालतं.


रानजाई
आणि स्टॅम्प पेपर? प्रतिज्ञापत्र करून देतो म्हणून बाहेर टेबल टाकून बसलेले असतात.


सेतूपार
स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर चालतं, २०१५ पासून. झेरॉक्सवर स्वतःची सही, म्हणजे स्वयंसाक्षांकन, तेही चालतं. योजनेच्या अर्जाला पैसे लागत नाहीत. सेवा केंद्रात दाखल्याचं शुल्क फलकावर लिहिलेलं असतं, तेवढंच द्या आणि पावती घ्या. 'वरती द्यावे लागतात' म्हणणाऱ्याला पावती मागितली की तो गप्प होतो.


पिंपळपार
एक राहिलं. कमी ऐकू येणं, एका बाजूचा लकवा, दृष्टी जाणं, हे 'म्हातारपणच' म्हणून सोडून देतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांगांचं ओळखपत्र काढा आणि त्याची प्रत संजय गांधी शाखेत द्या. महिन्याला १,५०० चे २,५०० होतात आणि दिव्यांगांसाठी उत्पन्नमर्यादाही ५०,००० आहे. नुसतं ओळखपत्र काढून घरात ठेवलं तर काही होत नाही, शाखेतल्या नोंदीत 'दिव्यांग' असा बदल व्हावा लागतो. प्रत दिल्याची पोच घ्या.


शंकासुर
लाभार्थी वारल्यावर शेवटचे दोन हप्ते खात्यात आले तर? वारसाला मिळतात का?


खतावणी
मृत्यूनंतरच्या महिन्यांचे असतील तर ते परत जाणार. यंत्रावर ठेवायला मृताचा अंगठा नसतो म्हणून काही जण एटीएम कार्डाने काढून घेतात, मग वसुलीची नोटीस येते आणि ती वारसाच्या नावाने येते. मृत्यूचा दाखला मिळाला की एक प्रत संजय गांधी शाखेत, एक बँकेत. मृत्यूच्या आधी जमा झालेली शिल्लक नामनिर्देशित व्यक्तीला मिळते. खातं उघडताना ते नाव लिहिलंय का, ते आजच पासबुकात बघून घ्या. 'नामनिर्देशन नोंदवले' एवढंच छापलेलं असतं बहुतेक ठिकाणी, नाव शाखेत विचारावं लागतं.

मागे राहिलेल्या बाईला नवऱ्याचे पैसे पुढे चालू होत नाहीत. तिचा अर्ज स्वतंत्र, आणि शिधापत्रिकेवरून नवऱ्याचं नाव कमी झाल्याशिवाय तिचा नवा उत्पन्नाचा दाखला सहसा होत नाही. तेव्हा आधी पुरवठा शाखा, मग तलाठी, मग संजय गांधी शाखा. हा क्रम चुकला की तीन खिडक्यांच्या सहा फेऱ्या होतात.